अप्पांचा ट्रक, चार बोटं वर

भानुदास मिस्त्रीच्या गॅरेजात जुने नटबोल्ट टाकायचा एक पत्र्याचा डबा होता. हवा तो बोल्ट त्यात कधी सापडायचा नाही आणि नको ते दहा हाताला लागायचे. त्या गॅरेजातल्या गोष्टींचं माझ्याकडे तसंच झालंय. एक सांगायला घ्यावी, तर तिच्यात अडकून दुसरी वर येते. परवा कुणीतरी विचारलं, "तुम्ही कचेरीत कारकून होता, मग ट्रकातलं एवढं कसं कळतं?" खरं सांगू का, मला काहीच कळत नाही. मी तिथं फक्त बसायचो!

सरकारी कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव, असा तो काळ. निजामाचा अंमल जाऊन पंधराएक वर्षं झाली असतील. पाच वाजता तहसील कचेरी सुटली, की माझी सायकल तुळजापूर रस्त्याला लागायची. गॅरेजासमोर एक लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली कुठल्यातरी मोडक्या बसचं सीट होतं. ते सीट माझं.

मिस्त्री हैदराबादच्या वर्कशॉपात शिकून आलेला. काहीही बिघडलेलं असो, "फिकीर नक्को" म्हणून सुरुवात करायचा. तो असं म्हणाला की मला फिकीर वाटायला लागायची.

ट्रक दिगंबरअप्पांचा. अप्पा मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. आयुष्यभर हेडक्लार्की करून निवृत्त झाले होते. काळी टोपी, स्वच्छ धोतर, बोलणं मोजून. कुणाच्या तरी नादी लागून त्यांनी हा जुना विलायती डिझेल ट्रक घेतला आणि त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. आणि चालवायला मल्हारी. हा तामलवाडीकडच्या धनगराचा पोरगा, पण आता तिशीतला गडी. भावाशी भांडून, मेंढरं सोडून स्टिअरिंगला लागला होता. भाऊ अजून चारचौघांत म्हणायचा, "जाईल कुठं? येतंय की नाही बघा काठी धरायला." मल्हारीला ते फार लागलेलं होतं.

आता ऐका.

* * *

ट्रकचं दुखणं एकच होतं. पोट फार खाली. सास्तूरकडून धान्याची पोती भरायची आणि येडशीच्या स्टेशनात छोट्या रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरवायची, हे त्याचं काम. पण तिकडचा रस्ता काळ्या मातीचा. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या ढोपरभर खोल आणि मध्ये मातीचा वरंबा. ट्रकची चाकं चाकोरीत उतरली की मागच्या आक्सलचा लोखंडी गोळा त्या वरंब्यावर बसायचा. मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि मल्हारी बैल शोधायला गावात जायचा.

चौथ्यांदा बैलांनी ट्रक ओढून काढला, तेव्हा अप्पा गॅरेजात आले. बार्शीच्या एका भंगारवाल्याशी त्यांचं बोलणं झालं होतं. मिस्त्री म्हणाला, "अप्पा, भंगार बिलकूल नक्को. स्प्रिंगच्या कमानीला पाटे वाढवू, मोठे टायर घालू, गाडी एक वीत वर घेऊ." वीतभर उंची ऐकून अप्पा घाबरले. गाडी कलंडेल म्हणाले. बरीच घासाघीस झाली. शेवटी चार बोटांवर तोड निघाली. पण अप्पांनी बजावलं, यानंतर एकदा जरी गाडी अडकली, तर ती भंगारात जाईल आणि मल्हारीनं आपलं बघावं.

मल्हारी माझ्या शेजारी उभा होता. अप्पा गेल्यावर हळूच म्हणाला, "भाऊसायब, म्या काय परत काठी धरणार न्हाय." मला त्या माणसाचं वाईट वाटलं.

आठ दिवस काम चाललं. कमानीचे पाटे वाढवले, पाटे आणि आक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले, सोलापूरहून मोठे टायर आणले. अप्पा तपासायला आले. जुन्या उंचीची खूण मिस्त्रीनं गॅरेजाच्या भिंतीवर खडूनं करून ठेवली होती. अप्पांनी खुणेवर हात आडवा ठेवला, मग त्याच्यावर पुन्हा दोन बोटं ठेवली आणि चष्म्यावरून बघितलं.

"मिस्त्री, ही सहा बोटं झाली."

मिस्त्रीनं आपला काळा, जाडजूड पंजा तिथं लावला. बरोबर चार.

"कुणाची, ते ठरलं नव्हतं अप्पा," तो म्हणाला. "तुमची बोटं लेखणीची हायत."

* * *

मिस्त्री हुशार होता, पण एक गोष्ट विसरला. गाडी वर गेली म्हणजे तिच्या पोटाखालचं सगळंच लांबायला हवं. ब्रेकची रबरी नळी होती तेवढीच राहिली. उभ्या गाडीत ती ताणून बसली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या फेरीला मल्हारी गॅरेजापुढच्या उतारावरून निघाला. एका खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि नळी सुटली. ब्रेक दाबला तर पाय थेट फळीला. समोर पाटलांच्या वस्तीची कडब्याची गंजी होती. मल्हारीनं शांतपणे गाडी तिच्यात घातली. आम्ही धापा टाकत पोचलो, तेव्हा ट्रकचं तोंड गंजीत आणि बाकीचा ट्रक बाहेर, असा देखावा होता. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. मल्हारी खाली उतरला, रेडिएटरच्या जाळीतून कडबा उपसायला लागला आणि मान वर न करता म्हणाला, "मिस्त्री, गाडी ब्येस झालीय. वैरण दिसली की थांबती. एरवी न्हाय थांबत."

त्यानंतर मिस्त्री कुठल्याही गाडीखाली गेला की आधी ब्रेकची नळी चाचपायचा. पंक्चर काढायला आलेल्या गाडीचीसुद्धा.

* * *

नळी झाली, मग मडगार्ड निघालं. डाव्या बाजूचं मडगार्ड कधीतरी एका झाडाला लागून पुढून आत आलं होतं. जुन्या टायरला त्याचा त्रास नव्हता. मोठा टायर मात्र डावीकडं वळताना त्याला घासायचा. उजवीकडं गाडी झकास वळायची, डावीकडं वळायची नाही. मिस्त्रीकडे पत्रा कापायला सवड नव्हती. तो म्हणाला, "दोन-चार रोज उजवीकडंच वळ."

आता बाजारातून येडशीकडं जायला मारुतीच्या देवळापाशी डावं वळण होतं. मल्हारीनं तोड काढली. देऊळ उजव्या हाताला ठेवून पुढं जायचं आणि उजवीकडं, उजवीकडं वळत देवळाला वळसा घालून पाहिजे त्या रस्त्याला लागायचं. मारुतीला रोज एक प्रदक्षिणा. ओट्यावर बसणारी म्हातारी माणसं हात जोडायला लागली. ड्रायव्हर किती भाविक आहे, याची बाजारभर चर्चा झाली आणि ती अप्पांच्या कानावर गेली. अप्पांना भरून आलं. धनगराच्या पोटी जन्मून एवढी भक्ती, असं त्यांनी मलाच दोनदा ऐकवलं. मी मान डोलावली.

पुढं मिस्त्रीनं मडगार्ड कापलं. मल्हारी सरळ डावीकडं वळून जायला लागला. तिसऱ्या दिवशी अप्पांनी त्याला बोलावून घेतलं आणि चांगलं अर्धा तास झापलं. चार दिवस गाडी नीट चालली तर देवाला विसरलास, असा एकूण मुद्दा होता.

संध्याकाळी बघतो, तर ट्रक पुन्हा देवळाला वळसा घालतोय. मी विचारलं, "अरे, मडगार्ड कापलं ना?"

"त्ये कापलं," मल्हारी म्हणाला. "मालक हाईत की अजून."

* * *

अप्पा स्वतः ट्रकमध्ये फारसे बसत नसत. उंची वाढल्यापासून तर केबिनची पायरी त्यांच्या मांडीला लागायची आणि धोतर नेसून ती चढणं म्हणजे शोभा. मग त्यांनी घरून एक लाकडी स्टूल आणलं. स्टुलावर चढायचं, मग केबिनमध्ये जायचं, मग मल्हारीनं स्टूल आत ठेवायचं.

एकदा येडशीला मल्हारी स्टूल आत ठेवायला विसरला. ते मालधक्क्याशेजारीच राहिलं. धाराशिवात येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. अप्पांना खाली उतरता येईना. मल्हारी म्हणाला, "खांद्यावर घेतो मालक." अप्पांनी नुसतं बघितलं. त्यांना पेन्शनच्या कागदावर सही करायला कचेरीत यायचं होतं. शेवटी मीच कागद, दौत आणि टाक घेऊन कचेरीच्या आवारात आलो. अप्पांनी वरून सही केली. आमचे तहसीलदार खिडकीतून बघत होते. मला म्हणाले, "कारकून, हे गृहस्थ कोण? एवढ्या वरून सही तर कलेक्टरसुद्धा करत नाही."

* * *

मग मैलांची भानगड. धाराशिव ते तुळजापूर चौदा मैल, हे अप्पांना पाठ. त्यांच्या वाडवडिलांपासून चौदा. ट्रकचं मीटर पण चौदाच दाखवायचं. मोठे टायर बसल्यावर मल्हारीनं ट्रक देवीच्या पाया पडायला नेला आणि अप्पा, मिस्त्री आणि मी एसटीनं मागोमाग पोचलो, तर मीटर तेराच्या आतच थांबलेलं. अप्पांना वाटलं, मल्हारी मीटरची तार काढून कुठंतरी फिरून आलाय. मल्हारीला वाटलं, मीटर बिघडलं. मी त्यांना समजावलं, की चाक मोठं झालं म्हणजे तेवढ्याच रस्त्याला कमी फेरे लागतात आणि मीटर बिचारं फेरे मोजतं. अप्पांना ते पटलं नाही. रस्त्याचे दगड सरकारनं पुरलेत, ते चुकीचे कसे, असं ते मलाच विचारू लागले. दगड चुकीचे आहेत असं मी म्हणालोच नव्हतो.

त्या दिवशी मल्हारीची आई तामलवाडीहून तुळजापूरला आली होती. गुडघ्यानं अधू, पण पायीच आलेली. आमचा वाद तिनं सगळा ऐकला. मग मिस्त्रीला जवळ बोलावलं.

"खरंच का रं बाबा, त्या चाकानं आई जवळ आली?"

मिस्त्री म्हणाला, "मीटर तर तसंच म्हणतंय."

म्हातारीनं पाय पुढं पसरले. "मग ह्यास्नी बी बसीव दोन."

* * *

खरा घोळ सास्तूरला झाला. तिथल्या धान्याच्या वखारीपुढं माल भरायचा दगडी ओटा होता. जुना ट्रक मागं लावला, की त्याची फळी बरोबर ओट्याला भिडायची. हमाल पाठीवर पोतं घेऊन ओट्यावरून सरळ आत चालत जायचे. आता ट्रकची फळी ओट्याच्या वर निघाली. पाठीवर दोन मणांचं पोतं असताना चार बोटं पाय जास्त उचलायचा, म्हणजे काय ते उचलणाऱ्यालाच विचारावं. पहिला हमाल ठेचकाळला. दुसऱ्यानं पोतं खाली ठेवलं. हमालांचा मुकादम भिवा तंबाखू मळत पुढं आला. त्यानं ट्रककडं बघितलं, ओट्याकडं बघितलं आणि मल्हारीला म्हणाला, "गाडी उचललीत, ब्येस केलंत. आता सास्तूर बी उचला, मग भरू."

सास्तूर उचलणं शक्य नव्हतं. तेव्हा भिवानंच सुचवलं, की ओट्यापुढं मागच्या चाकांसाठी दोन खड्डे खणावे. चाकं खड्ड्यात गेली की गाडी आपोआप खाली. खणले. फळी ओट्याला भिडली आणि माल भरला गेला. अप्पांना कळलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "खालीच आणायची होती, तर वर घेतली कशाला?"

पण ते तिथंच संपलं नाही. माघात एक अवकाळी सर आली. खड्ड्यांत पाणी भरलं, काळ्या मातीचा चिखल झाला. चाकोऱ्यांतून, ओढ्यांतून, वरंब्यांवरून महिनाभर कुठंही न अडकलेला ट्रक, त्याच्यासाठी मुद्दाम खणलेल्या खड्ड्यात अडकला! बैल आणावे लागले.

अप्पा म्हणाले, अडकली ती अडकली. खड्डा आपला की परका, हा प्रश्न त्यांच्या लेखी नव्हता. मिस्त्रीनं हातापाया पडून आणखी एक खेप मागून घेतली. अप्पांनी ती दिली, पण अटीवर. सास्तूरची तूर गुरुवारी दुपारच्या मालगाडीला येडशीत पोचली पाहिजे. नाही पोचली, तर सोमवारी बार्शीचा माणूस गाडी न्यायला येईल. मल्हारीनं त्या संध्याकाळी सगळा ट्रक एकट्यानं धुतला. मी सीटवर बसून बघत होतो आणि मला घरी जावंसं वाटेना.

* * *

गुरुवारी मी रजा टाकली. कारण अर्जात काय लिहिलं, ते विचारू नका. सकाळपासून अप्पा, मिस्त्री आणि मी गॅरेजात बसलो होतो. मल्हारी भल्या पहाटे सास्तूरहून निघणार होता, दहापर्यंत धाराशिवात यायला हवा होता. अकरा झाले. आभाळ भरून आलं, तिकडं पूर्वेला काळंनिळं झालं होतं. साडेअकराला सास्तूरकडून आलेली एसटी थांबली. कंडक्टर दारातूनच म्हणाला, "अप्पा, तुमची गाडी सास्तूरच्या अलीकडच्या ओढ्यापाशी हुबी हाय. तिकडं गारा लई झाल्या."

अप्पा उठले. टोपी नीट केली. "संपलं," एवढंच म्हणाले. मिस्त्रीनं पिशवीत पाने घातले. आम्ही उलट्या बाजूच्या एसटीत बसलो.

ओढ्यापाशी उतरलो, तर सगळं रान पांढरं. बोराएवढ्या गारांचा खच. आणि ट्रक ओढ्यात नव्हताच! ओढा पार करून, वर चढून, कोरड्या कडेला नीट उभा होता. चाकांना दगड लावलेले. इंजिन बंद. ताडपत्री घट्ट बांधलेली, तुरीचा दाणासुद्धा भिजला नव्हता. केबिनमध्ये कुणी नव्हतं. भोवती शंभरेक मेंढ्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून, माना खाली घालून उभ्या होत्या.

अप्पांनी हाक मारली, "मल्हारी!"

"हितं खाली हाय मालक."

आम्ही वाकून बघितलं. ट्रकच्या पोटाखाली मल्हारी बसला होता. त्याच्याशेजारी एक म्हातारी धनगरीण. आणि दोघांच्या भोवती, मांडीवर, घोंगडीत, दोन-चार दिवसांची कोकरं. पंधरा असतील, वीस असतील. मल्हारीच्या कपाळावर गार लागून टेंगूळ आलं होतं.

अप्पांचा आवाज चढला. तो मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. गाडी चालू आहे, रस्ता मोकळा आहे, मालगाडी सुटायला आलीय आणि तू इथं मेंढरं सांभाळत बसलास?

मल्हारी उठला नाही. उठायला जागाच नव्हती. म्हणाला, "मालक, गार थांबली न्हाय अजून. ढग परत यायलाय. म्या चाक हलवलं तर ही पिलं उघड्यावर पडत्याली. एका गारंत एक जातंय." मग एक कोकरू घोंगडीत सारत म्हणाला, "सोमवारी न्या गाडी. म्या धरतो काठी."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात पहिली गार त्यांच्या टोपीवर पडली. दुसरी खांद्यावर. मग एकदम सगळं आभाळच खाली आलं. मिस्त्री कधी आत गेला मला दिसलं नाही. मी गुडघ्यावर गेलो. आणि माझ्यामागून धोतर सावरत, ढोपरं टेकत, दिगंबरअप्पा आपल्या ट्रकच्या पोटाखाली आले.

वर फळ्यांवर आणि टपावर नुसता तडतडाट चालला होता. बोललेलं धड ऐकू येत नव्हतं. म्हातारी सरकली, तिनं अप्पांना जागा करून दिली. अप्पा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या पदरात एक ओलं कोकरू थरथरत होतं. ते तिनं सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"धर बाबा. ऊब लागंल त्याला."

अप्पांनी धरलं. आधी लांबून, मग उपरण्याचं टोक त्याच्यावर घातलं. ते टोक कोकरू चोखायला लागलं, तरी अप्पांनी ओढून घेतलं नाही. मल्हारी खाली मान घालून बसला होता. येडशीची शिट्टी इथवर ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी ती ऐकल्यासारखं मला वाटलं.

बऱ्याच वेळानं तडतडाट जरा कमी झाला. अप्पांनी ताठ बसायचा प्रयत्न केला. डोकं वरच्या शाफ्टला लागलं आणि टोपी चेपली. त्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी एक हात वर नेला आणि डोकं आणि लोखंड यांच्यामध्ये बोट घालून बघितलं. बोट जात नव्हतं.

"मिस्त्री," अप्पा म्हणाले, "अजून चार बोटं वर घेता येईल का?"

मिस्त्रीनं विचारलं, "कुणाची, अप्पा?"

अप्पांनी कोकरू उपरण्यात नीट गुंडाळलं.

"तुमची."